विश्लेषण : गुलाबाची पाने लाल, आकसलेली किंवा पिवळी का पडतात? विषाणू, कीड की नुसती नवी पालवी?

ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी झाली की पंधरा दिवसांत फुटवे दिसू लागतात. आंबिवली, मोहने, अटाळी, टिटवाळा या पट्ट्यात इमारतींच्या गॅलऱ्या, चाळींचे ओटे आणि सोसायट्यांच्या कुंपणालगतचे वाफे या काळात नव्या पालवीने भरतात. काही झाडांची पाने लालभडक निघतात, काहींची बोटाएवढी बारीक आणि वळलेली, तर काहींची शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी. मोबाइलवर फोटो काढून शोध घेतला, की पहिल्या काही उत्तरांत हमखास 'रोज रोझेट' हे नाव येते. त्याखाली सल्लाही असतो : उपाय नाही, झाड मुळासकट उपटून टाका.

इंटरनेटवरची ही माहिती बहुतांश अमेरिकेतील बागांसाठी लिहिलेली असते. तिथल्या परिस्थितीत तो सल्ला योग्यच आहे. मात्र तो जसाच्या तसा लागू केला तर निरोगी झाड कचऱ्यात जाते. उलट बाजूची चूकही तितकीच होते. नेमके काय झाले आहे हे न पाहता दुकानातून कीटकनाशक आणले जाते आणि जिथे कपडे वाळतात, मुले खेळतात त्याच गॅलरीत फवारले जाते. गुलाबाच्या पानावरची बहुतेक लक्षणे घरच्या घरी ओळखता येतात. त्यासाठी पान झाडावर कुठे आहे, त्याची खालची बाजू कशी आहे आणि ऋतू कोणता, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

नवी पाने लाल का असतात?

गुलाबाच्या कोवळ्या पानांत अँथोसायनिन नावाचे लाल-जांभळे रंगद्रव्य असते. हरितद्रव्य पुरेसे तयार होईपर्यंत कडक उन्हापासून कोवळ्या पेशींचे रक्षण करण्यास ते मदत करते. आंब्याची, पिंपळाची किंवा कुसुंबाची नवी पालवी तांबूस दिसते, तोच हा प्रकार. पान मोठे झाले की हरितद्रव्य वाढते आणि लाली झाकली जाते. गडद लाल फुलांच्या अनेक जातींमध्ये कोवळी पाने अधिक लाल असतात, तर पांढऱ्या आणि पिवळ्या फुलांच्या काही जातींमध्ये ती सुरुवातीपासून हिरवट असतात.

त्यामुळे लाल पान दिसताच घाबरण्याचे कारण नाही. फुटव्याला एक खुणेचा दोरा बांधून दोन ते तीन आठवडे थांबावे. या काळात पाने हिरवी झाली, त्यांचा आकार झाडावरच्या जुन्या पानांसारखा झाला आणि काट्यांची संख्या नेहमीइतकीच राहिली, तर ती साधी पालवी आहे. पान पूर्ण वाढूनही लालच राहिले आणि सोबत आकारही बिघडलेला असेल, तर पुढची तपासणी करावी.

'रोज रोझेट' म्हणजे काय? तो भारतात आहे का?

रोज रोझेट हा विषाणूजन्य रोग आहे. उत्तर अमेरिकेत १९४०च्या सुमारास कॅनडातील मॅनिटोबा आणि अमेरिकेतील वायोमिंग, कॅलिफोर्निया या भागांत त्याच्या पहिल्या नोंदी झाल्या. कारण मात्र कित्येक दशके पक्के होत नव्हते. २०११मध्ये संशोधकांनी त्यामागचा विषाणू ओळखला. एरिओफाइड गटातील अतिसूक्ष्म कोळी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. हे कोळी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान असतात आणि वाऱ्याबरोबर वाहत जातात. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत.

या रोगाची लक्षणे एकत्र येतात. एकाच जागेतून झाडूसारखे अनेक फुटवे निघतात, पाने लाल राहतात आणि चुरगळल्यासारखी दिसतात, फांदीवर नेहमीपेक्षा कितीतरी दाट आणि मऊ काटे येतात, नवी फांदी ज्या जुन्या फांदीतून निघाली तिच्याहून जाड असते, कळ्या विकृत होतात. यातील एखादेच लक्षण असेल तर निष्कर्ष काढू नये.

भारतात या विषाणूची नोंद आहे. २०१७मध्ये 'ऑस्ट्रेलेशियन प्लांट पॅथॉलॉजी' या नियतकालिकात पश्चिम बंगालमधील संशोधकांनी बागेतल्या गुलाबांवर तो आढळल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे हा रोग भारतात शक्यच नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र लाल आणि आकसलेली पाने दिसल्यावर आपल्याकडे आधी इतर, कितीतरी अधिक सामान्य कारणे तपासणे शहाणपणाचे ठरते.

मग पाने आकसण्याचे नेहमीचे कारण कोणते?

आपल्याकडे पहिला संशय फुलकिड्यांवर घ्यावा. मिरचीवर येणारे फुलकिडे गुलाबावरही मोठ्या प्रमाणावर येतात. ते जेमतेम एक मिलिमीटर लांब, फिकट पिवळे असतात आणि कोवळ्या पानाचा पृष्ठभाग खरवडून रस शोषतात. पान वाढत असतानाच जखमा झाल्यामुळे ते वेडेवाकडे, अरुंद आणि वरच्या बाजूला वळलेले निघते. खालची बाजू तपकिरी, भाजल्यासारखी दिसते. कळ्यांच्या कडा करपतात आणि अनेकदा कळी उमलतच नाही.

याची चाचणी सोपी आहे. पांढऱ्या कागदावर फुटवा धरून तीन-चार वेळा टिचकी मारावी. कागदावर बारीक पिवळसर रेषा हलताना दिसल्या तर ते फुलकिडे. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिले तर ते स्पष्ट दिसतात.

दुसरा संशयित लाल कोळी. नावात लाल असले तरी तो अनेकदा हिरवट-पिवळाही असतो. तो पानाच्या मागे राहतो. पानावर वरून सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके दिसतात, मग पान कांस्य रंगाचे होते, जास्त प्रादुर्भावात फुटव्यांवर बारीक जाळी दिसते. उष्ण, कोरडी आणि धुळकट हवा त्याला मानवते. फेब्रुवारी ते मे या काळात, विशेषतः बांधकामे, कच्चे रस्ते किंवा वीटभट्ट्यांजवळच्या घरांमध्ये कुंड्यांवर धूळ साचते. तिथे हा कोळी झपाट्याने वाढतो.

मावा ओळखायला सर्वांत सोपा. हिरवे किंवा गुलाबीसर किडे कळीच्या देठाला चिकटून बसतात, पान चिकट होते, मुंग्यांची रांग लागते. या चिकट द्रवावर पुढे काळी बुरशी वाढते. पान काळे दिसले तरी ती ओल्या फडक्याने पुसली जाते. पुसले जात असेल तर रोग पानाच्या आत नाही.

या तिन्हींवर पहिला उपाय पाणी. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाण्याचा फवारा मारावा. तीन-चार दिवसांनी पुन्हा मारावा. मावा आणि कोळी यांची संख्या त्यानेच बरीच घटते. फुलकिड्यांनी करपलेले शेंडे आणि कळ्या कापून पिशवीत बांधून टाकाव्यात. त्यानंतर गरज वाटली तर एक लिटर पाण्यात साधारण ५ मिलि निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून थोडा सौम्य द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात तेल फवारले तर पाने भाजतात. लाल कोळ्यासाठी पाणी देताना कोरड्या कुंड्यांभोवतीची फरशीही ओली करावी. आर्द्रता त्याला सोसत नाही.

पानांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल काप दिसले तर ते पानकापी माशीचे काम असते. ती घरट्यासाठी पानाचे तुकडे नेते. ती परागीभवन करणारी माशी आहे आणि झाडाला तिच्यापासून धोका नाही. औषधाची गरज नाही.

तणनाशकाचा गुलाबाशी काय संबंध?

हे कारण सर्वांत कमी लक्षात घेतले जाते. पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात, कुंपणाकडेला आणि फरसबंदीच्या फटीत गवत माजते. ते मारण्यासाठी तणनाशक फवारले जाते. फवाऱ्याचे बारीक थेंब वाऱ्याने वाहून शेजारच्या वाफ्यातील गुलाबावर पडतात. काही वेळा तणनाशकासाठी वापरलेल्याच पंपातून नंतर झाडांना खत किंवा औषध दिले जाते. पंप नीट धुतलेला नसेल तर उरलेला अंश पुरेसा ठरतो.

ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतील काही आवश्यक अमिनो आम्ले तयार होण्याची प्रक्रिया थांबवते. गुलाबाला त्याची थोडीशी मात्रा लागली तर झाड मरत नाही, पण पुढचे फुटवे बारीक, दोऱ्यासारख्या अरुंद पानांचे आणि झुबक्याने निघतात. अनेकदा परिणाम लगेच न दिसता छाटणीनंतरच्या फुटीत दिसतो, त्यामुळे फवारणी आणि लक्षण यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. २, ४-डी प्रकारच्या तणनाशकाने पाने आणि देठ पिळवटतात, पानाची वाटी होते आणि शिरा समांतर दिसू लागतात.

अशी पाने रोज रोझेटसारखी वाटतात. फरक असा ओळखावा :

- तणनाशकाने काटे वाढत नाहीत. रोझेटमध्ये काटे दाट होतात.
- तणनाशकाचा परिणाम गुलाबासोबत शेजारच्या जास्वंद, मोगरा किंवा टोमॅटोवरही दिसतो आणि फवारणी झाली त्या बाजूला अधिक असतो.
- तणनाशकाने बिघडलेले झाड पुढच्या एक-दोन फुटींमध्ये सुधारत जाते. विषाणूने बिघडलेले झाड बिघडतच जाते.

बाधित शेंडे छाटावेत, पाणी नियमित द्यावे आणि झाड सावरेपर्यंत रासायनिक खत थांबवावे. ग्लायफोसेटबाबत एक नियमही माहीत असावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मधील अधिसूचनेद्वारे त्याचा वापर फक्त कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. सोसायटीच्या माळ्याने किंवा सुरक्षारक्षकाने बाटली आणून फवारणे या नियमात बसत नाही. गवत कापून काढणे हा सोसायटीसाठी सुरक्षित मार्ग आहे.

पाने पिवळी पडत असतील तर काय पाहावे?

पहिला प्रश्न : पिवळी पडणारी पाने खालची जुनी आहेत की शेंड्याची नवी?

नत्र आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या आत फिरू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. त्यामुळे कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. सगळे पान एकसारखे फिकट झाले तर बहुधा नत्र कमी आहे. जुन्या पानात शिरांच्या मधला भाग पिवळा आणि कडा-शिरा हिरव्या असतील तर मॅग्नेशियमची शक्यता अधिक.

लोह तसे फिरत नाही. एकदा पानात बसले की तिथेच राहते. म्हणून लोह कमी पडले की शेंड्याची पाने पिवळी होतात आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी उठून दिसते. यात मातीत लोहच नाही, असे क्वचितच असते. मातीचा सामू वाढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. गुलाबाला सामू ६ ते ६.५च्या आसपास मानवतो.

शहरी भागात सामू वाढण्याचे एक कारण अगदी पायाशी असते. नव्या इमारतींच्या बागेत भरावासाठी डेब्रिज वापरले जाते, वर चार-सहा इंच लाल माती पसरली जाते. सिमेंट आणि चुन्याचे तुकडे माती अल्कधर्मी करतात. बोअरवेलचे जड पाणी सतत दिले तरी हाच परिणाम होतो. अशा झाडाला शेणखत कितीही घातले तरी नवी पाने पिवळीच येतात. चिलेटेड लोह मिळते, त्याने तात्पुरता फरक पडतो. कायमचा इलाज म्हणजे माती बदलणे किंवा झाड कुंडीत हलवणे. पावसाचे साठवलेले किंवा नळाचे पाणी वापरणेही उपयोगी पडते.

पाने पिवळी, मऊ आणि माती सतत ओली असेल तर मुळे गुदमरत आहेत. बोट दोन इंच मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. उलट प्रकारही होतो. नर्सरीतून येणारी अनेक कलमे चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा वाळून टणक झाला की पाणी बाजूने वाहून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. रोज पाणी देऊनही पाने गळतात, ते यामुळे. कुंडी पंधरा-वीस मिनिटे पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली तर गोळा भिजतो. पुढे मोठ्या कुंडीत लावताना मुळे न तोडता बाहेरचा थर हलकेच सैल करावा.

पानावर पिवळ्या नागमोडी रेषा किंवा ओकच्या पानासारखी नक्षी दिसत असेल, तर तो गुलाबाचा मोझॅक असू शकतो. हा विषाणू मुख्यतः कलमातून पसरतो. रोगट झाडाचा डोळा किंवा खुंट वापरला की नव्या झाडात तो येतो. थंडीत नक्षी ठळक दिसते, उन्हाळ्यात लपते. झाड दुबळे राहते, पण फुलते. त्यापासून नवी कलमे मात्र करू नयेत.

आंबिवलीच्या हवेत कोणता रोग कधी येतो?

ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. आंबिवलीच्या एका अंगाला उल्हास आणि दुसऱ्या अंगाला काळू नदी असल्याने दमटपणा पावसानंतरही रेंगाळतो. गुलाबाला ही हवा फारशी मानवत नाही. म्हणून इथे महिना पाहून रोगाचा अंदाज बांधता येतो.

जून ते ऑक्टोबर : काळे ठिपके. पानाच्या वरच्या बाजूला झालरीसारख्या कडांचे गोल काळे डाग पडतात, भोवती पिवळेपणा येतो आणि पान गळते. सुरुवात खालच्या पानांपासून होते. या बुरशीच्या बीजाणूला रुजण्यासाठी पान सुमारे सात तास ओले राहावे लागते. पावसाळ्यात ते होतेच, पण इतर वेळी संध्याकाळी पानांवर पाणी मारले तरीही होते. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे, गळलेली पाने रोज उचलावीत, कुंड्यांमध्ये अंतर ठेवावे. ही पाने कुंडीतच खत म्हणून टाकू नयेत.

डिसेंबर ते फेब्रुवारी : भुरी. कोवळ्या पानांवर, कळ्यांच्या देठांवर पिठासारखा पांढरा थर येतो आणि पाने वळतात. रात्री दमट-गार आणि दिवसा कोरडी-उबदार हवा तिला हवी असते. काळ्या ठिपक्यांप्रमाणे तिला ओले पान लागत नाही. सुरुवातीलाच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारले तर ती आटोक्यात येते आणि कोळ्यांवरही त्याचा परिणाम होतो. पारा ३२-३३ अंशांच्या वर असताना गंधक वापरू नये. निंबोळी तेल आणि गंधक यांच्या फवारण्यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, नाहीतर पाने जळतात.

छाटणीनंतर : शेंडेमर. कापलेल्या टोकापासून फांदी काळी-तपकिरी होत खाली वाळत जाते. पाने वरून खाली मरतात. काळ्या भागाच्या दोन इंच खाली, आतला भाग पांढरट-हिरवा दिसेपर्यंत कापावे आणि कापावर बोर्डो पेस्ट लावावी. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसावी.

एकाच झाडावर दोन प्रकारची पाने का येतात?

बाजारातले बहुतेक गुलाब कलमी असतात. जंगली, चिवट गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला असतो. कधी खुंटातूनच फुटवा निघतो. तो सरळ, लांब आणि जोमदार वाढतो, पाने फिकट आणि बारीक असतात, फुले येतच नाहीत किंवा लहान, पांढरी-गुलाबी झुबक्यांत येतात. अनेकांना वाटते की झाडाने जात बदलली. प्रत्यक्षात खुंट वरच्या जातीचे अन्न खात असतो.

पाच पाने म्हणजे कलमी आणि सात पाने म्हणजे जंगली, हा समज सर्रास आहे. तो नेहमी खरा नसतो. अनेक चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात. खात्री करायची तर फुटवा कुठून निघाला ते पाहावे. कलमाच्या गाठीच्या वर असेल तर ठेवावा. गाठीच्या खाली किंवा मातीतून असेल तर माती बाजूला करून मुळापाशीच ओढून काढावा. वरून कापला तर तो पुन्हा जोमाने येतो.

आणखी एक प्रकार लोकांना चक्रावतो. फुलाच्या मधूनच हिरवी पाने किंवा दुसरी कळी निघते. हवामानातील चढउतारांमुळे काही जातींमध्ये असे होते. एखाद-दुसरे फूल असे असेल तर ते कापून टाकावे, पुढची फुले नीट येतात. झाडावरची सगळीच फुले हिरवी, पानांसारखी होऊ लागली आणि पानेही लहान राहिली, तर फायटोप्लाझ्मा हा तुडतुड्यांमार्फत पसरणारा सूक्ष्मजीव कारणीभूत असू शकतो. याला अपवाद 'ग्रीन रोझ' या जुन्या चिनी जातीचा. तिची फुले जन्मतः हिरवीच असतात.

फवारणी करण्यापूर्वी काय तपासावे?

गुलाबावरचे जुने सल्ले आजही व्हॉट्सअॅपवर आणि छापील पुस्तिकांत फिरत असतात. कोळ्यासाठी डायकोफॉल, भुरीसाठी डिनोकॅप ही त्यांतली नेहमीची नावे. केंद्र सरकारने २०२३मधील आदेशाने या दोन्हींवर आणि मिथोमिल या कीटकनाशकावर बंदी घातली आहे. फोरेट आणि फॉस्फामिडॉन यांच्यावरील बंदी २०२०च्या अखेरपासून लागू आहे. घरात जुनी बाटली किंवा पुडी पडून असेल तर ती वापरू नये आणि गटारात किंवा नाल्यातही ओतू नये.

कीटकनाशकाच्या वेष्टणावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा तुलनेने कमी. घरातल्या चार कुंड्यांसाठी लाल आणि पिवळ्या चिन्हाचे औषध आणण्याचे काहीच कारण नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ते मोकळ्या शेतात काम करत होते. ग्रिल लावलेल्या बंद गॅलरीत, हातमोजे-मास्कशिवाय, शेजारच्या खिडकीकडे तोंड करून फवारणी करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

गुलकंद करणाऱ्यांनी आणखी काळजी घ्यावी. ज्या झाडाच्या पाकळ्या खायच्या आहेत त्यावर कोणतेही रासायनिक कीटकनाशक किंवा बुरशीनाशक मारू नये. गुलकंदासाठीचे गावठी गुलाबाचे झाड वेगळे ठेवावे. फुलबाजारातून आणलेल्या शोभेच्या गुलाबांचाही गुलकंद करू नये. ती फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात.

झाड उपटण्याची वेळ कधी येते?

लक्षणे दोन फुटींनंतरही कायम राहिली, कीड सापडली नाही, तणनाशकाचा संबंध नाही, माती आणि पाणी ठीक आहे आणि झाडूसारखे फुटवे, दाट काटे, न जाणारी लाली ही लक्षणे एकत्र दिसत आहेत, अशा वेळी झाड बाजूला काढणे योग्य. तोपर्यंत ते इतर गुलाबांपासून दूर ठेवावे आणि त्याची कात्री वेगळी ठेवावी. उपटताना आधी झाडावर मोठी पिशवी घालावी, मग मुळांसकट काढून पिशवी बांधावी. ते झाड कंपोस्टमध्ये टाकू नये आणि त्याच्या फांद्या लावायला कोणाला देऊ नयेत.

नवे रोप नर्सरीतून घेताना हीच तपासणी दहा मिनिटांत होते. पान उलटून पाहावे, कलमाची गाठ पाहावी, खोडावर पांढरट खवले चिकटलेले नाहीत ना ते पाहावे. घरी आणल्यावर दोन आठवडे इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे. पॉलिहाऊसमध्ये वाढलेले रोप उघड्यावर आले की काही पाने पिवळी होऊन गळतात. तो जागाबदलाचा धक्का असतो, रोग नव्हे.

खात्रीचा सल्ला कुठे मिळेल?

किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून कीड-रोगांविषयी विचारता येते. कल्याणमधील तालुका कृषी अधिकारी कार्यालय हा जवळचा पर्याय. कोकणातील जिल्ह्यांसाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, तर फुलपिकांवर काम करणारे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय पुण्यात आहे. विषाणूचे निदान फोटोवरून पक्के होत नाही, त्याला प्रयोगशाळेतील चाचणीच लागते.

इतर बाबतींत मात्र चांगले फोटो पुरतात. सल्ला विचारताना हे पाच फोटो काढून ठेवावेत :

- पूर्ण झाड, कुंडी किंवा वाफ्यासह
- बिघडलेला फुटवा आणि शेजारी त्याच झाडाचे चांगले पान
- पानाची खालची बाजू, जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून
- कलमाची गाठ आणि बुंधा
- माती आणि कुंडीचे तळाचे छिद्र

सोबत छाटणीची तारीख, शेवटचे खत, शेवटची फवारणी, पाणी नळाचे की बोअरचे आणि गेल्या दोन महिन्यांत आवारात गवत मारण्याचे औषध फवारले का, हे लिहावे. तज्ज्ञ पहिल्यांदा हेच विचारतात.